कुट्टनाडातील आगंतुक

केरळातील आलप्पुळा शहराच्या धक्क्यावरून सरकारी बोट सुटली, की पाव तासाच्या आतच प्रवाशाच्या ध्यानात येते की, या मुलखात जमीन व पाणी यांचे नेहमीचे नाते उलटे झाले आहे. आपण बसलेली बोट वर असते आणि शेत खाली! कालव्याच्या दोन्ही काठांना मातीचे बांध, बांधावर नारळीची एक ओळ व घरांची एक ओळ, आणि घरांच्या परसामागे, पाण्याच्या पातळीहून कमरेइतके, कोठे कोठे पुरुषभर खोल, भाताचे अफाट खाचर पसरलेले. समुद्रसपाटीच्या खाली अर्ध्या मीटरापासून दोन मीटरांहून अधिक खोलीवर भात पिकविणारा हा प्रदेश म्हणजे कुट्टनाड होय. पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या चार नद्या डोंगरावरचा गाळ आणून वेंबनाड सरोवराच्या तोंडाशी टाकतात. त्या गाळात माणसाने बांध घातले, आत कोंडलेले पाणी उपसून बाहेर फेकले, आणि सरोवराच्या तळावर नांगर चालविला. पूर्वी हे पाणी उपसण्याचे काम माणसे पायांनी चक्र फिरवून करीत. पुढे मोटारीवर चालणारा ‘पेट्टी-परा’ नावाचा लाकडी पंप आला, त्याची घरघर आजही बांधाबांधावर ऐकू येते. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही गेल्या उपवासकाळात तेथे गेलो ते मुळात यात्रेकरू म्हणून. कालव्यांनी वेढलेले कैनकरी हे खेडे संत कुरियाकोस एलियास चावरा यांचे जन्मगाव. १८०५ साली ज्या घरात ते जन्मले ते घर तेथे भक्तिभावाने जतन केलेले आहे. प्रत्येक देवालयाच्या शेजारी एक शाळा असावी, असा आग्रह धरणाऱ्या या धर्मगुरूंना २०१४ च्या नोव्हेंबरात परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी संतपद दिले. आमच्या गोव्यातील व बेळगावकडील कित्येक शाळांतून व दवाखान्यांतून केरळच्या धर्मभगिनींनी आयुष्ये वेचली आहेत, तेव्हा त्यांच्या मातीला एकदा नमस्कार करून यावा, एवढाच आमचा हेतू होता. परंतु या लेखाचा विषय संतचरित्र नव्हे. कैनकरीच्या वाटेवर आमची बोट ज्या वस्तूने अडविली, तिच्याविषयी आम्हांला लिहावयाचे आहे.

एका वळणावर बोटीचे यंत्र एकाएकी घुसमटल्यासारखे झाले आणि थांबले. समोर पाहिले तो पाणी दिसेचना. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फुगीर देठांची, चकचकीत पानांची हिरवी सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर जांभळट फुलांचे तुरे डुलत असलेले. परक्या माणसास ते दृश्य सुंदरच वाटावे. दोन खलाशी लांब वेळू घेऊन पुढे झाले व पानांचे थर बाजूस लोटू लागले. आमच्यासोबत असलेल्या सिस्टर बेळगावकडे बरीच वर्षे राहून आलेल्या, त्यांनी आम्हांला समजाविले, “याला इथे पोला म्हणतात. आपल्याकडची जलपर्णीच ही.” पंचगंगा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांच्या व हैदराबादच्या तलावांच्या काठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना हिची ओळख करून देण्याचे कारण नाही.

शेजारच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. बोटीतील सर्व मंडळी त्यांना आदराने ‘अच्चायन’ म्हणत होती. आमची चुळबूळ पाहून ते हसले आणि सिस्टरांच्या तोंडून आम्हांला म्हणाले, “हा पोला काहीच नव्हे. आमच्या तरुणपणी पायल होते. तेव्हा बोट अडत नसे; बोट निघतच नसे.”

‘पायल’ म्हटल्यावर आमच्या मराठी कानांत पैंजणच वाजले, हे सांगणे नकोच. मल्याळम भाषेत या शब्दाचा अर्थ शेवाळ, पाणवनस्पती असा आहे; आणि ज्या वनस्पतीची गोष्ट अच्चायन सांगत होते तिला केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. हे नेच्याच्या कुळातील एक तरंगते झुडूप होय. दोन दोन पाने जोडीने पाण्यावर राहतात आणि तिसरे पान केसांच्या झुबक्यासारखे पाण्याखाली लोंबते. पानांवर बारीक लव असते, त्यामुळे पाऊस पडला तरी ते भिजत नाही. त्याला फूल नाही, फळ नाही, सुपीक बीजही नाही. आणि त्याचे सारे सामर्थ्य नेमके यातच साठले आहे. एक तुकडा तुटला की त्याचे नवे झाड होते. पाणी ऊबदार व खतावलेले असेल तर आठवड्याच्या आत त्याचा पसारा दुप्पट होतो. एकावर एक थर चढून अर्ध्या मीटराहून जाड गादी तयार होते, आणि त्या गादीखालच्या पाण्यास ना ऊन मिळते, ना हवा. मासे गुदमरतात, डास माजतात, होडी अडकते, आणि बांध फुटला तर तीच गादी भाताच्या खाचरात येऊन बसते. हिंदुस्थानात हे तण प्रथम १९५५ साली तिरुवनंतपुरमजवळच्या वेळी सरोवरात आढळले. १९६४ पासून ते केरळात उपद्रवी ठरले. कुट्टनाडात माणूस जन्मतो तेव्हा सुईण होडीने येते, शाळेत मूल होडीने जाते, आणि अखेरची यात्राही होडीनेच निघते. तेथे पाणी बंद होणे म्हणजे काय, याची कल्पना डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांस सहजी यावयाची नाही.

येथे या तणाच्या नावाची हकिकत सांगितली पाहिजे. कारण तिच्यातच पुढच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. लोकांनी त्याला आफ्रिकन म्हटले, पण ते आफ्रिकेचे नव्हे. झांबेझी नदीवर करीबा येथे मोठे धरण बांधले गेले, आणि १९६० च्या सुमारास त्या नव्या सरोवराचा शेकडो चौरस किलोमीटरांचा पृष्ठभाग या तणाने झाकून टाकला. तेव्हापासून त्याच्या नावाशी आफ्रिका चिकटली. श्रीलंकेत ते १९३९ साली कोलंबोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी आणले होते व तेथून ते निसटले. लोकांचे राहू द्या. शास्त्रज्ञांचीही त्याच्या ओळखीत फसगत झाली होती. दक्षिण अमेरिकेतील ‘साल्विनिया ऑरिक्युलाटा’ या जातीचेच हे तण, असे धरून त्याचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी माणसे त्रिनिदाद व आसपासच्या प्रदेशांत हिंडली. तेथून एक नाकतोडा आणला, एक सोंडकिडा आणला, निरनिराळ्या देशांत सोडला. नाकतोडा केरळातही १९७४ साली आला. हे पाहुणे आले, थोडेबहुत जगले, आणि तण होते तसेच वाढत राहिले.

१९७२ साली मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ही ती जात नव्हेच. त्याने तिला ‘साल्विनिया मोलेस्टा’ असे नवे नाव दिले. मोलेस्टा म्हणजे त्रासदायक. नाव बदलल्यावर घराचा शोध नव्याने सुरू झाला, आणि १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना आग्नेय ब्राझीलमध्ये हे तण आपल्या मूळ ठिकाणी सापडले. तेथे त्याचा कोणासच उपद्रव नव्हता. इतर पाणवनस्पतींच्या गर्दीत बिचारे अंग चोरून राहत होते! कारण तेथे त्याच्या पानांत एक काळा सोंडकिडा वस्ती करून होता. लांबी सुमारे दोन मिलिमीटर. आपल्या तांदळाच्या डब्यात होणाऱ्या सोंड्याचाच हा दूरचा भाऊबंद. मोठा किडा कोवळे कोंब खातो, आणि अळी खोडाच्या आत बोगदे पाडते. त्रिनिदादहून पूर्वी नेलेला किडा याच्यासारखाच दिसे, पण तो वेगळ्या जातीचा होता. म्हणजे तणाची ओळख चुकली होती, आणि त्यापायी शत्रूचीही चुकली होती. बायबलच्या पहिल्या पुस्तकात आदामाकडे प्राणिमात्रांस नावे देण्याचे काम येते. ते काम किती जबाबदारीचे होते, हे या प्रकरणावरून आम्हांस उमगले.

१९८० साली क्वीन्सलँडमधील माउंट आयसा या खाणींच्या गावाजवळ मूनडारा नावाच्या सरोवरात हे सोंडकिडे सोडले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तेथील सुमारे १८,००० टन तण तपकिरी होऊन तळाशी गेले. न्यू गिनी बेटावरील सेपिक नदीची कथा तर आमच्या मते सर्वांत बोधक आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात या तणाने सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी व्यापले, आणि होडीवाचून जगू न शकणाऱ्या गावकऱ्यांवर गावे सोडण्याची पाळी आली. सल्ल्यासाठी ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ बोलाविले गेले. त्यांनी किडे सोडले, परंतु ते तग धरीनात. तपास करता कळले की, तेथील तण नत्राच्या अभावी निकस होते, आणि निकस अन्नावर किड्यांची पैदास होत नव्हती. तेव्हा या सल्लागारांनी काय करावे? थोडे तण वेगळे कोंडून त्यालाच खत घातले! तण माजले, त्यावर किडे माजले, आणि मग ते नदीभर पसरविण्यात आले. १९८५ च्या सुमारास सेपिकवर पुन्हा होड्या चालू लागल्या. शत्रूला जेवू घालण्याचा उपदेश आपण प्रवचनांतून ऐकतो. त्याचा असा उपयोग आम्ही प्रथमच ऐकला.

आपल्या देशात हे किडे १९८२ साली ऑस्ट्रेलियाहून बंगळूरला आले. ते लगेच सोडले नाहीत. बंदिस्त जागेत त्यांच्यापुढे निरनिराळी झाडे मांडून, हे दुसरे काही खातात काय, याची परीक्षा घेतली. उपाशी मेले तरी त्यांनी आपले एकच अन्न सोडले नाही. मग बंगळूरच्या एका कमळतळ्यात प्रयोग झाला. तण वर्षाच्या आत नाहीसे झाले, आणि त्याच्याखाली कोंडलेली कमळे पुन्हा वर आली. त्याच सुमारास केरळ कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे किडे केरळाच्या पाण्यांत सोडण्यास आरंभ केला. तीनएक वर्षांत बहुतेक कालवे मोकळे झाले. १९८८ पर्यंत सुमारे २,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील तण आटोक्यात आले, आणि हाताने तण उपसण्याची भातशेतकऱ्यांची जी मजुरी वाचली तीच वर्षाला ६८ लाख रुपयांच्या घरात होती, असा हिशेब प्रसिद्ध आहे.

अच्चायन हे आकडे सांगत नव्हते. ते म्हणाले, “कृषिखात्याची माणसे बादलीतून पायल घेऊन आली आणि आमच्या पायलात टाकून गेली. आम्ही हसलो. आमच्याकडे काय पायल कमी होते?” त्या बादलीतल्या पायलात किडे होते.

आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. एका परक्याला हाकलण्यासाठी दुसरा परका आणावयाचा, आणि तोच उद्या घरात पाय पसरून बसला तर? असे घडलेले आहे. त्याच क्वीन्सलँडमध्ये १९३५ साली उसावरील भुंगेरे खाण्यासाठी अमेरिकेतील एक थोरला बेडूक आणला; त्याने भुंगेऱ्यांस फारसे काही केले नाही, उलट आपल्या विषाने तेथील मूळच्या प्राण्यांचा संहार मांडला. बेडकाला जे मिळेल ते खाण्याची सवय, तर सोंडकिड्याला एकाच पानाचे व्रत. भेद इतकाच, पण सारे काही त्यावर अवलंबून. दख्खनच्या माळांवर एके काळी फड्या निवडुंगाने गावेच्या गावे वेढली होती व ती एका पांढऱ्या किडीने मोकळी केली, हे आमच्या जुन्या पिढीने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तीही किड परदेशचीच. अलीकडच्या वर्षांत बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे सातपुडा जलाशय याच साल्विनियाने झाकून गेला, तेव्हा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने याच सोंडकिड्याला पाचारण केले. माळव्यातील आमच्या वाचकांनी सवड काढून ते पाणी एकदा पाहून यावे.

बोट एव्हाना सुटली होती. पण आमच्या डोक्यातला प्रश्न सुटला नव्हता. पायल गेले, कालवे मोकळे झाले, तर हा पोला कोठून आला? अच्चायनांनी खांदे उडविले व उत्तरेकडे, सरोवराच्या दिशेने हात केला. “बंधारा पाहा,” एवढेच ते म्हणाले, आणि नेडुमुडीच्या धक्क्यावर उतरून गेले.

कैनकरीचे दर्शन आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने तण्णीरमुक्कमला गेलो. वाटेत चंपाकुळमच्या पुरातन मरियामंदिरात मिस्सा ऐकली. पंपेच्या घाटावर उभे असलेले ते देवालय पाचव्या शतकात स्थापन झाले अशी परंपरा आहे. त्याच्या पायऱ्या सरळ नदीत उतरतात. दूर चित्तिरा कायल नावाच्या उपसलेल्या भागात, भाताच्या मध्यभागी आणखी एक छोटे देवालय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई पडली, तेव्हा मुरिक्कन नावाच्या कॅथोलिक जमीनदाराने सरोवराच्या भर पोटात बांध घालून चित्तिरा, मार्तांडम व राणी ही तीन कायले उपसली, त्यांपैकी हे एक. तो पराक्रम होता यात शंका नाही. सरोवर त्याने आक्रसले यातही नाही.

वेंबनाड सरोवर पूर्वी निम्मे गोडे व निम्मे खारे असे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी समुद्राकडे लोटे, आणि उन्हाळ्यात कोचीच्या मुखातून समुद्र आत येई. भाताचे मुख्य पीक पावसाळ्यानंतर पेरावयाचे व मार्च-एप्रिलात कापावयाचे. या दिवसांत खारे पाणी चढले की पीक जळून जाई. म्हणून सरोवराच्या कमरेवर, तण्णीरमुक्कम ते वेच्चूर, एक किलोमीटराहून लांब बंधारा बांधण्यात आला. १९५८ च्या सुमारास काम सुरू झाले व १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास बंधारा वापरात आला. मधला एक भाग तर कित्येक वर्षे नुसत्या मातीच्या भरावाने अडविलेला होता. डिसेंबरच्या मध्यास दरवाजे खाली करावयाचे व मार्चच्या मध्यास उचलावयाचे, असा नियम. बंधाऱ्याच्या दक्षिणेस पाणी गोडे राहिले, भात वाचला, आणि शेतकऱ्यांनी देवाचे आभार मानले.

पण खारे पाणी काय काय करीत होते, याची मोजदाद कोणी केली नव्हती. जलपर्णी खाऱ्या पाण्यात जगत नाही. दर उन्हाळ्यात समुद्र आत येऊन कालवे झाडून काढी. तो झाडूवाला दाराबाहेर राहिला. आता शेतांतील खते, वस्तीचा मैला, हौसबोटींची घाण, सारे त्या मिटलेल्या पाण्यात मुरते, आणि त्यावर पोला पोसतो. पायलाचा सोंडकिडा पोल्याला तोंड लावीत नाही. त्याचे व्रत एकाच पानाचे, हे मघाशी सांगितलेच. जलपर्णीचे स्वतंत्र किडे आहेत. तेही १९८० नंतर बंगळूरला आणले गेले व तेथील काही तलावांत यशस्वी झाले. येथे मात्र खतावलेल्या पाण्यात पर्णी ज्या वेगाने वाढते त्या वेगाने किड्यांना खाणे साधत नाही. पायल हटल्याने जी जागा रिकामी झाली तीच याने बळकाविली.

आणि जलपर्णी हा या बंधाऱ्याचा एकच परिणाम नव्हे. नदीतील थोरली कोळंबी, जिला येथे आट्टुकोंचु म्हणतात, ती अंडी देण्यास निमखाऱ्या पाण्याकडे जाते व तिची पिले परत वर येतात. दरवाजा लावल्यावर ती जाणार कोठून? सरोवराच्या तळाशी आपल्या तिसऱ्यांसारख्या काळ्या शिंपल्या असतात. त्यांच्या प्रजेलाही थोडे मीठ लागते. या शिंपल्या बुड्या मारून काढण्यावर, त्यांचे मांस विकण्यावर व कवचांचा चुना करण्यावर सरोवराकाठची हजारो कुटुंबे जगत आलेली आहेत. वेंबनाडला २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून घोषित केले, त्यात या मूक प्रजेचाही वाटा आहे.

बंधाऱ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा मार्च संपत आला होता आणि दरवाजे मिटलेलेच होते. नियम मार्चच्या मध्याचा, पण यंदा काही खाचरांत पेरणी उशिरा झाली, म्हणून कापणी उशिरा, म्हणून दरवाजेही उशिरा. असे पुष्कळदा होते, असे तेथील माणसांनी सांगितले. बंधाऱ्याच्या एका अंगास पाणी हिरवे, झाकलेले. दुसऱ्या अंगास उघडे, वाऱ्याने चुरगळलेले. मध्ये फक्त रस्त्याची रुंदी.

तेथे होड्या दुरुस्त करीत बसलेल्या मंडळींत एक बाई शिंपल्या निवडीत होत्या. वय साठीच्या आसपास. गळ्यात जपमाळेचा क्रूस. सिस्टरांनी त्यांना ‘चेच्ची’ म्हणून हाक मारली व आम्ही कोठून आलो ते सांगितले. आम्ही विचारले, दरवाजे उघडल्यास त्यांना काय मिळेल? त्या म्हणाल्या, “पोला जळेल. शिंपली खोल जाऊन शोधावी लागणार नाही. आणि पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज सुटणार नाही.” मग थोडे थांबून, “पण माझी धाकटी मुलगी दिली आहे ती पलीकडे, कावालमला. त्यांचे भात अजून उभे आहे.” हे बोलताना त्यांनी हातातील काम क्षणभरही थांबविले नाही.

येथील भांडणाचे खरे रूप आम्हांला या दोन वाक्यांत दिसले. भातवाले बहुतांशी पुराण्या सिरो-मलबार घराण्यांतील व इतर शेतकरी समाजांतील; सरोवरावर जगणाऱ्यांत लॅटिन विधीचे कॅथोलिक पुष्कळ, तसेच धीवर समाजाचे हिंदू बांधव. एकाचा मीठ हा शत्रू, तर दुसऱ्याचे तेच जीवन. कोळ्यांनी दरवाजे उघडण्यासाठी मोर्चे काढले आहेत, शेतकऱ्यांनी ते लावण्यासाठी. पायलाच्या बाबतीत असे नव्हते; ते सर्वांचेच वैरी होते, म्हणून त्याला काढणाऱ्याचे सर्वांनी कौतुक केले. जेथे तण एकाच्या पिकाच्या रक्षणातून जन्मते, तेथे सल्लागाराची खरी कसोटी लागते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील निदणाचा दाखला सर्वांना पाठ आहे. तेथे रात्री येऊन पेरणारा वैरी होता. येथे आम्ही पुष्कळ शोधूनही वैरी सापडला नाही. कोलंबोच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांस शिकवावयाचे होते. जांभळ्या फुलांची जलपर्णी शोभेसाठी म्हणून देशोदेशी गेली. बंधारा बांधणाऱ्यांना भुकेल्या प्रांताला तांदूळ द्यावयाचा होता. आणि तरी धन्याच्या चाकरांपुढचा प्रश्न तोच राहतो की, उपटू जाता गव्हाचीही मुळे हलतील, त्याचे काय?

सल्ला मिळालेला नाही असे नाही. ज्यांचे वडिलोपार्जित घर याच कुट्टनाडातील मंकोंपु गावी होते, त्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने २००७ साली कुट्टनाडाविषयी अहवाल सादर केला. त्यातील एक मुद्दा ऐकावयास अगदी साधा आहे. साऱ्या खाचरांनी ठरलेल्या दिवसांत पेरावे व ठरलेल्या दिवसांत कापावे, म्हणजे दरवाजे वेळेवर उचलता येतील आणि समुद्राला आपले काम करता येईल. नवे यंत्र नको, नवा किडाही नको. हवी ती बांधाबांधावरच्या माणसांची एकजूट. आणि तीच सर्वांत महाग. शेकडो खाचरसमित्या, प्रत्येकीची मजुरांची अडचण वेगळी, बियाण्याची वेगळी, पंपाची वेगळी. एकीचा बांध फुटला तर तिची पेरणी तीन आठवडे मागे, आणि तिच्यासाठी अख्खे सरोवर थांबलेले. पुढे कोट्यवधींच्या योजना मंजूर झाल्या. बंधाऱ्याचा मधला भागही पक्का झाला. पेरणीच्या तारखा मात्र अजून जुळावयाच्या आहेत.

दरम्यान लोक स्वस्थ बसलेले नाहीत. आलप्पुळ्याच्या सनातन धर्म महाविद्यालयात जलपर्णीपासून अळिंबी वाढविण्याचे व उपयोगी वस्तू करण्याचे प्रयोग बरीच वर्षे चालले आहेत. आम्हांला त्यांचे कौतुक वाटते. पण जी वस्तू विकावयाची तिची पैदास थांबावी असे कोणास वाटेल, अशी एक खट्याळ शंकाही येते. असो. हाताला काम मिळत असेल तर तेही थोडके नव्हे.

कैनकरीला परतताना एका धर्मगुरूंची भेट झाली. त्यांच्या धर्मग्रामात तीन खाचरसमित्यांचे शेतकरी आहेत आणि सरोवरावर जाणारी काही कुटुंबेही. पुढच्या हंगामापूर्वी, ऑक्टोबरात, या सर्वांना शाळेच्या पडवीत एकत्र बसवून पेरणीचा दिवस ठरवावयाचा त्यांचा विचार आहे. आम्ही विचारले, “फादर, ऐकतील का?” ते म्हणाले, “दोन समित्या ऐकतील. तिसरीचे अध्यक्ष माझे सख्खे मामा आहेत. त्यांचे काही सांगता येत नाही.”